तिरक्या भिंतीची रोजाक्का

रोजाक्काचा फोन आला की तो कानाला लावायची गरज नसायची. ओट्यावर ठेवला तरी सगळ्या घराला ऐकू जायचं. त्या सकाळी तिचंच नाव दिसलं म्हणून मी सवयीनं फोन लांब धरला… आणि पलीकडून आवाजच येईना. मग तिच्या मुलाचा, बाप्तीसचा, खोल गेलेला आवाज आला. "मावशी, आई गेली. पहाटे. झोपेतच." खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं, राग आला. टेकडीवरचं फेस्त, म्हणजे तिथला वर्षाचा सण, आठवड्यावर आलेला, गावोगावची माणसं निघायच्या तयारीत, आणि ही बाई न सांगता न सवरता उठून गेली! "अरे, असं कसं जाईल ती? आत्ताशी कुठं ऊन पडायला लागलंय," मी त्यालाच झापलं. फोन ठेवला, गॅसवरचं दूध उतू गेलेलं पुसायला घेतलं, आणि मग मात्र तिथंच ओट्याला टेकून हमसाहमशी रडले.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. इस्माईल मिस्त्रींची मुलगी. नाव जैबुन्निसा, पण रोजाक्कासाठी कायम जैबू. गल्लीतल्या पोरींना शिवण शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. ती आजऱ्याच्या पुढच्या डोंगरातली, कॅथलिक शेतकऱ्याच्या घरातली सून. तिची काजूची बाग, माझं शिलाई मशीन. आमची गाठ पडायला तसं काहीच कारण नव्हतं. पण तिच्या गावामागच्या टेकडीवर सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, एक छोटं चॅपल आहे. जांभ्या दगडाचं, कौलारू, आत पंधरावीस माणसं उभी राहिली की भरलं. ते माझ्या अब्बांनी बांधलं. आणि ते आजही उभं आहे ते रोजाक्कामुळं. हे मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल, आज तुम्हाला सांगते, कारण तिच्यासारखं खणखणीत सांगणारं आता कुणी उरलं नाही.

तिथल्या जुन्या लोकांच्या सांगण्यातनं आलेली गोष्ट अशी, की त्यांचे पूर्वज कोकण-गोव्याकडनं बोचकी घेऊन घाट चढून वर आले, तेव्हा या टेकडीवर दम खायला बसले. समोर सपाट रान दिसलं. "पोचलो एकदाचे," असं म्हणून त्यांनी दोन फांद्या बांधून तिथं खुरीस, म्हणजे क्रूस, उभा केला. पुढं दर वर्षी टेकडी चढायची, खुरसापुढं प्रार्थना करायची आणि खाली उतरायचं. पण वर वारा असा की खुरीस दर पावसाळ्यात आडवा. सायबिणीची लाकडी मूर्ती मात्र घोंगडीत गुंडाळून आणलेली, ती रोजाक्काच्या सासरच्या देवळीत बसलेली. तिला वर घर बांधायचं असं गावानं ठरवलं. अब्बा तेव्हा आजऱ्यात एका शाळेच्या वर्गखोल्यांचं काम करत होते. गावची मंडळी त्यांना भेटली. अब्बा म्हणाले, बांधू की. मी एकोणीस वर्षांची होते. अम्मी नव्हती, म्हणून अब्बांच्या आणि त्यांच्या गड्यांच्या भाकऱ्या थापायला मीही टेकडीखाली जाऊन राहिले.

आमची पहिली ओळख म्हणजे भांडण. टेकडीवर पाण्याचा टिपूस नाही. झरा पायथ्याला. चिरे भिजवायला, चुना कालवायला, भिंतीवर मारायला, सगळं पाणी गावच्या बायका घागरीनं डोक्यावरनं वर न्यायच्या. एके दिवशी वरच डाळ शिजायला ठेवायची म्हणून तिथल्या घागरीतलं तांब्याभर पाणी मी घेतलं. मागनं आवाज आला, "ए मिस्त्रीण! ती घागर सायबिणीची हाय. तुझ्या डाळीची न्हाय!" बघते तर माझ्याहून थोडी मोठी, नवी नवरी, कपाळावरनं पाणी ओघळतंय आणि डोळे वटारलेले. मी काय कमी होते? "सायबिणीचं घर बांधणारे उपाशी मेले तर बांधणार कोण, तू?" असं विचारलं. ती कंबरेवर हात ठेवून असं हसली की खालच्या रानातली माणसं वर बघायला लागली. दुसऱ्या दिवशी ती दोन घागरी घेऊन आली, एक डोक्यावर, एक कमरेवर. एक सायबिणीची, एक डाळीची. तिथून पुढं आमचं जमलं ते जमलंच.

आता मुद्द्याची गोष्ट. अब्बा मोठे गुणी गवंडी. ओळंबा त्यांच्या हातात नुसता लोंबला तरी भिंत सरळ येते, असं लोक म्हणायचे. पण त्याच्या आधीची त्यांची मोठी कामं सगळी मशिदींची. कागलकडं एक, मलकापूरच्या अलीकडं एक. टेकडीवर पहिल्या दिवशी त्यांनी खुंट्या मारल्या, दोरी ताणली, आणि वेदीची भिंत कुठं धरली? किब्ल्याला! काबेच्या दिशेला! धड पश्चिमही नाही, जराशी उत्तरेकडं कललेली. जन्मभराच्या सवयीनं हात गेला तो तिकडंच गेला. कमाल पुढंच आहे. रोज संध्याकाळी अब्बा त्याच भिंतीसमोर चादर अंथरून नमाज पढायचे, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही! गावाला वाटलं, मिस्त्री जाणकार, त्यांना कळत असणार. भिंती दाराच्या उंचीला आल्या, तोवर कुणी तोंडातनं शब्द काढला नाही.

मग एक दिवस आजऱ्याकडनं फादर आले. धापा टाकत वर चढले, घाम पुसला, सूर्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, मशीद बांधलीत की!" ते हसूनच म्हणाले, पण अब्बांच्या तोंडावरचा रंग गेला. म्हाताऱ्या मंडळींना तेवढं निमित्त पुरलं. आपली वेदी उगवतीला असते, हे असलं उलटं कुठं बघितलं नाही, हा अपशकुन आहे, असं ज्याला जे सुचेल ते. अब्बांनी हातातली थापी खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी पाडतो. मजुरी नको, परत बांधून देतो." माझ्या बापाला असं मान खाली घालून उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला त्या टेकडीचा, त्या गावाचा, सगळ्यांचा संताप आला होता.

आणि नेमकी तेव्हाच रोजाक्का घागर घेऊन वर आली. काय चाललंय ते तिनं उभ्या उभ्या ऐकलं. सासू पदर ओढतेय, नवरा डोळ्यांनी दाबतोय, पण ती कसली थांबते! घागर डोक्यावर तशीच, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "पाडा की! कोण न्हाय म्हणतंय? पर ह्या भितीत गेल्यालं पाणी आम्ही बायकांनी चढवलंय. चुंबळीखाली केसं गेली आमची. पाडायचं असंल तर ह्या खेपंला गड्यांनी घागरी उचलायच्या. चला, कोण उचलतंय? हुबं ऱ्हावा की फुडं!" एकजणही पुढं आला नाही. फादर एका चिऱ्यावर टेकले आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, धर्मात असा काही नियम नाही की त्यापायी उभी भिंत पाडावी. रोमच्या सगळ्यात मोठ्या चर्चची वेदीसुद्धा पश्चिमेलाच आहे. झालं! वाद तिथंच मिटला. रोजाक्काला तर आयुष्यभर पुरेल असं घबाड मिळालं. पुढं कुणी पाहुणा आला की ती छाती पुढं काढून सांगायची, "पोपचं चर्च आणि आमची टेकडी, दोघांचं तोंड एकाच बाजूला हाय. मधलं काय असंल ती सोडा."

काम पुरं झालं, सायबीण वर गेली. पावसाळा सरला आणि रोझरीचा महिना, म्हणजे ऑक्टोबर, संपता संपता तिथलं पहिलं फेस्त भरलं. आम्ही कोल्हापूरहून आदल्या दिवशीच गेलो होतो. सकाळी दिवस उगवायच्या वेळेला वेदीसमोरचं दार उघडलं, आणि… ते ऊन दारातनं सरळ आत गेलं. जमिनीवरनं सरकत वेदीवर चढलं आणि सायबिणीच्या तोंडावर जाऊन थांबलं. ती काळपट लाकडी मूर्ती, तिचे गाल, तिची खाली झुकलेली नजर, सगळं उजळून निघालं. खालच्या वाडीतला एक शेतकरी बैल झाडाला बांधून नुसता बघायला म्हणून आला होता, तो हात जोडून म्हणाला, "आरं तिच्या! आपल्या अंबाबाईगत किरणोत्सव की रं ह्यो!" अब्बांची दोरी जेवढी तिरकी होती ना, तेवढाच सूर्य त्या दिवसांत तिरका उगवतो. सरळ बांधलं असतं तर हे घडलंच नसतं. अब्बा दाराबाहेर उभे होते, त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि रोजाक्का त्यांना म्हणत होती, "मिस्त्रीमामा, आता रडताय कशापायी? बघा की वर मान करून!"

तिथून त्या टेकडीची जत्रा झाली. वाडीतल्या बायका मावलीला म्हणून नारळ घेऊन येऊ लागल्या, गडहिंग्लजकडनं माणसं येऊ लागली, आमच्या मंगळवार पेठेतल्या बायका टेम्पो करून जाऊ लागल्या. येणारा प्रत्येकजण झऱ्यावरनं पाणी घेऊन वर चढतो. घागर म्हणा, कळशी म्हणा, लहान पोराच्या हातात बाटली म्हणा, पण मोकळ्या हातानं कुणी जात नाही. बांधकामाच्या वेळची ती गरज होती, नंतर तोच नेम झाला. अब्बा होते तोवर एक वर्ष चुकले नाहीत. चहाच्या टपरीवर मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "मी एक चर्च बांधलंय. तिरकं आहे, पण बांधलंय!"

फेस्ताच्या सकाळी रोजाक्काची जागा दारात. आत बघायला नव्हे, दार मोकळं ठेवायला. माणसं बघायच्या नादात दारात गर्दी करतात आणि त्यांचीच सावली मूर्तीवर पडते. म्हणून ही उंबऱ्याला लागून, वेदीकडं पाठ करून उभी राहायची आणि ओरडायची. एकदा एक मोठे पुढारी फोटोसाठी बरोब्बर दारात उभे राहिले. हिनं त्यांचा दंड धरून बाजूला केलं. "ओ पावणं, सरा की! तुमचं तोंड पेपरात रोज असतंय. तिचं वर्सातनं एकदाच उजळतंय." पुढारी हसत बाजूला झाले, करतात काय! मी तिला एकदा म्हटलं, आक्का, तू कधी बघणार गं? एक वर्ष मी उभी राहते. तर म्हणाली, "मला कशाला बघाय पायजे? माझी तिची रोजची गाठ हाय. आणि तुला ओरडायला जमायचं न्हाय, आवाज शेळीचा हाय तुझा." मला कुणी शेळी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. तिचं ऐकलं.

तिचा नवरा लवकर गेला. काजूची बाग तिनं एकटीनं सांभाळली, बाप्तीसला शिकवलं. तो आखातात जाऊन आला, घर बांधलं, चॅपलच्या कमिटीचा अध्यक्ष झाला. पोरगा चांगला, आईवर जीव टाकणारा. त्यातच तर सगळी पंचाईत होती. तीन वर्षांमागं त्यानंच काढलं, की जुनं चॅपल उतरवून तिथं मोठं चर्च बांधायचं. प्रशस्त, वरपर्यंत रस्ता, आणि या वेळी दिशा सरळ. त्याचंही सगळं चूक होतं असं मी म्हणणार नाही. फेस्ताला शेकड्यानं माणसं उन्हात उभी असतात, म्हाताऱ्या बायका भोवळ येऊन पडतात. तो तळमळून सांगायचा, "आई, सायबिणीला महाल बांधतोय मी, झोपडीत किती दिवस ठेवायची?" आणि ही म्हणायची, "ती झोपडीत न्हाय, उन्हात हाय. तुझ्या महालात तिला ऊन कुठनं मिळणार?" एक अख्खा पावसाळा मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मधल्यामध्ये सुनेचा जीव मेटाकुटीला आला. कमिटीतले बाकीचे गप्प होते. म्हातारी आहे तोवर थांबू, असं त्यांचं चाललेलं. हे तिलाही कळत होतं.

आमची शेवटची भेट गणपती झाल्यावरची. ती सोप्यातल्या खाटेवर, उशाला भिंत, समोर टेकडी. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण आवाज तसाच. माझा हात धरून म्हणाली, "जैबू, मी हाय तवर भिंत हाय. मी गेले की ती गेली बघ." ज्या बाईनं माझ्या बापाची मान वर केली, तिच्यासाठी मला काहीच करता येत नव्हतं… मग तिनं बाप्तीसला हाक मारली. तो आला, खाली बसला. "पाड बाबा तू," ती म्हणाली, "मी मेल्यावर अडवाय येणार न्हाय. पर एक कर. नव्या कामाची पयली घागर तू चढवायची. टँकर न्हाय, पंप न्हाय. झऱ्यापासनं वर, तुझ्या आईनं चढवली तशी." आजारी माणसाला म्हणतात तसं तो म्हणाला, "व्हय आई, चढवतो."

तिला मूठमाती दिली त्या दिवशी मी टेकडीवर गेले नाही, जाववलंच नाही. फेस्ताला गेले. माझा भाचा रियाज, तोही गवंडीच, त्याचा हात धरून गुडघे दाबत अंधूक उजेडात चढले. वर पोचले आणि माझं डोकंच फिरलं. चॅपलच्या चारी बाजूंनी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या. नव्या चर्चचा पाया. कोनाड्यासारखं ते जुनं चॅपल त्या रेघांच्या मधोमध, तिरकं. अजून तिच्या मातीवरची फुलं सुकली नाहीत आणि यांना एवढी घाई! बाप्तीस भेटला की त्याला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवून मी चिऱ्यावर बसले.

तो आला, पण वेगळाच. दर वर्षी फेस्ताला तो खाली गाड्या लावायच्या बंदोबस्तात असायचा. आज खांद्यावर घागर घेऊन चढत होता. पन्नाशीचा माणूस, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, पाय लटपटतायत, दर चार पावलांना पाणी हिंदकळतंय. बायका बाजूला होऊन वाट देत होत्या, कुणी हसत नव्हतं. तो कसाबसा दारापर्यंत आला, घागर टेकवली आणि तिथंच उंबऱ्यावर मटकन बसला. तेवढ्यात दिवस उगवला. ऊन दारात आलं आणि त्याच्या पाठीवर अडलं. आत सायबिणीच्या तोंडावर त्याची काळी सावली. सगळ्यांना दिसत होतं. कोण ओरडणार? आम्ही सगळेच त्या आवाजाची वाट बघत उभे होतो… आणि आवाज येत नव्हता. मी तोंड उघडलं, पण गळ्यातनं काही निघेना. शेळीसुद्धा नाही.

शेवटी त्याच्याच ध्यानात आलं असावं. त्यानं मान वर करून आत बघितलं, आपली सावली बघितली आणि झटकन उठून भिंतीला चिकटला. ऊन आत गेलं. त्यानं ते इतक्या जवळून लहानपणानंतर बघितलं नसावं. पापणी न लवता बघत राहिला. मिस्साची प्रार्थना झाली, माणसं पांगली, मग माझ्याजवळ आला. घागरीतलं पाणी पेल्यात ओतून मला दिलं. पेला अर्धाच भरला. "एवढंच?" मी म्हटलं. "एवढंच ऱ्हायलं, मावशी." त्याचे डोळे लाल होते. मला त्याला झापायचं होतं, ते राहूनच गेलं. फक्कीच्या रेघांबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही, आणि जीवाला घोर लावून कोल्हापूरला परत आले.

परवा दुपारी फोन वाजला. रोजाक्काचं नाव. तिचा फोन अजून तोच वापरतोय. "मावशी, रियाजला पाठवून द्या," बाप्तीस म्हणाला, "जुनं चॅपल हाय तसंच ठेवायचं ठरलंय. दोन्ही अंगानं भितीला धरून सोपे काढायचेत, लोकांस्नी सावली व्हईल." माझा जीव भांड्यात पडला, पण एवढ्या सहजासहजी सोडेन तर मी मिस्त्रींची मुलगी कसली! "का रे? आजऱ्यात गवंडी मेलेत का, कोल्हापूरचा न्यायला?"

"हाइत की मावशी," तो म्हणाला, "पर दुसरा कोण आला तर सरळ बांधंल."